खाडीचं नवं तोंड

कोक्विनाच्या धक्क्यावर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक टांगलेलं असे, पण ते बघायचे बाहेरगावचे पाहुणे. गावातली माणसं ओलेटा ड्रिगर्सला विचारत. कॉफीचा मग हातात घेऊन ती धक्क्याच्या टोकाला यायची, तिवरांच्या मुळांवर ओल कुठवर चढली आहे ते बघायची, वारा गालावर घ्यायची आणि सांगायची, "आज भरती उशिरा लागणार. पूर्वेच्या वाऱ्यानं पाणी बाहेर रोखून धरलंय." आणि तसंच व्हायचं. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. 'मला माहीत आहे' हे शब्द तिच्या तोंडात इतके बसलेले होते, की तिचा नवरा हार्लन म्हणायचा, हिच्या थडग्यावर वेगळं काही कोरायला नको.

तिचा बाप एमरी जाळ्यानं बोय मासे धरायचा. फ्लोरिडाच्या त्या किनाऱ्यावर तेव्हा घरटी एक जाळं होतं. ओलेटा मुलगी म्हणून घरात राहिली नाही. चालायला लागली ती बापाच्या होडीतच. बोयांचा थवा कुठल्या पाण्याबरोबर आत येतो आणि कुठल्या पाण्याबरोबर निसटतो, हे ती बापाच्या पायाशी बसून शिकली. पुढे सरकारनं खाडीतली जाळी बंद केली. अंगणाअंगणात जाळ्यांचे ढीग पडले, मोठमोठे पुरुष त्या ढिगांकडे पाठ करून रडले. कुणी सुतारकाम धरलं, कुणी खेकड्यांचे पिंजरे टाकायला लागलं. ओलेटानं कप्तानाचा परवाना काढला आणि हौशी लोकांना गळावर स्नूक धरायला नेऊ लागली.

स्नूक म्हणजे आपल्या जिताड्याचा दूरचा भाऊबंद शोभावा असा मासा. खालचा जबडा पुढे काढलेला, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळीभोर रेघ, आणि कल्ल्याची कड अशी धारदार, की गळाचं तंगूस घासलं तर तुटून गेलंच म्हणून समजा. पण त्याचा स्वभाव ओलेटा एका वाक्यात सांगायची. "तो आळशी आहे. भक्ष्यामागे धावत नाही, ताट समोर यावं लागतं." पाणी वाहू लागलं, की स्नूक एखाद्या टोकाच्या आडोशाला, पडलेल्या झाडाच्या बुंध्यामागे, नाहीतर ओढ्याच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारी कोळंबी, लहान मासळी मटकावतो. भरतीला तो तिवरांच्या खाली शिरतो, ओहोटी लागली की ओढ्याच्या तोंडाशी येऊन थांबतो, आणि पाणी ठप्प झालं की तोही ठप्प. तेव्हा पाणी कधी कुठून कुठे जातंय हे ज्याला कळलं, त्याला स्नूक कळला. बाकी सगळं शोभेचं.

"आणि आणखी एक," ती होडीतल्या पुरुषांना मुद्दाम सांगायची. "हा मासा जन्माला येतो नर म्हणून आणि मोठा झाला की मादी होतो. त्यामुळे इथले सगळे मोठे स्नूक बायका आहेत. तुम्ही तुमचं बघा."

धक्क्यावर तिचा एक कायमचा वैरी होता. बर्ल पॅजेट. तोही कप्तान, तोही बोयवाल्याचा मुलगा, आणि तिच्याच शाळेतला. ओलेटानं परवाना काढला तेव्हा तो म्हणाला होता, "आता होडीत पडदे लावा कुणीतरी." त्या दिवसापासून एकाही सकाळी दोघांनी एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय दोर सोडला नव्हता.

मग सप्टेंबरच्या शेवटी ते वादळ आलं.

कोक्विनाच्या समोर समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूचं एक लांबट बेट आडवं पडलेलं आहे. त्याच्या उत्तर टोकाला एकच तोंड होतं. समुद्राचं पाणी तिथूनच आत यायचं आणि तिथूनच बाहेर जायचं. आजोबा-पणजोबांपासून खाडीची सगळी वहिवाट त्या एका तोंडावर चालत आलेली. वादळानं ते बेट मधोमध फोडलं. लोक आसऱ्याच्या जागेवरून घरी परतले, छपरं शोधली, चिखल उपसला, आणि मग कुणीतरी खाडीकडे बघितलं. जिथं वाळू आणि गवत होतं तिथून उघडा समुद्र दिसत होता.

ओलेटाचं घर खांबांवर होतं म्हणून वाचलं. होडी हार्लननं आधीच ओढ्यात आत नेऊन तिवरांना बांधली होती, तीही वाचली. अंगणातल्या पपनसाच्या झाडावर मात्र एक फळ राहिलं नाही. सगळी हिरवी, अर्धी पिकलेली पपनसं भुईवर पसरली होती.

वादळानंतरचं तिचं पहिलं गिऱ्हाईक होतं एव्हेलिओ काब्रिसास. हा टँपाचा म्हातारा क्यूबन न्हावी, दुकान मुलीच्या हाती देऊन निवृत्त झालेला. दरवर्षी दोनदा यायचा, येताना पेरूच्या मुरंब्याच्या खुसखुशीत वड्या आणायचा, आणि होडीतही इस्त्रीचा सदरा घालायचा.

"कप्तान, तुम्ही येऊ नका म्हणाला असतात तरी आलो असतो," तो म्हणाला. "खाडी कशी आहे ते बघायचं होतं."

"खाडी आहे तिथंच आहे," ओलेटा म्हणाली. "चला, रॅकून टोकावर जाऊ. आपण पोचेपर्यंत ओहोटी लागेल. ओढ्याचं पाणी टोकाला वळसा घालून धावेल आणि त्या वळशात मोठी स्नूक बसलेली असेल. मला माहीत आहे."

टोकाशी जाऊन तिनं इंजिन बंद केलं आणि लांब काठीनं होडी हळूच वाऱ्याआड लावली. एव्हेलिओनं जिवंत मासळी लावून गळ टाकला. गळ पडला तिथंच राहिला. तिवराचं एक पिवळं पान पाण्यावर तरंगत होतं, तेही जागचं हललं नाही. ओलेटा वाट बघत राहिली. ऊन चढलं. शेवटी पान हललं, पण ज्या बाजूला जायला हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला.

तिनं काठी पाण्यात रोवली आणि नुसती बघत उभी राहिली. सबंध आयुष्यात त्या टोकाशी पाणी त्या दिशेनं गेलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

मग ती दुसऱ्या जागी गेली, तिसऱ्या जागी गेली. कुठं पाणी मेलेलं, कुठं नको तितकं जोराचं, कुठं गढूळ. एका लहानशा खरब्या माशाशिवाय गळाला काही लागलं नाही. परतताना एव्हेलिओनं टोपी नीट केली आणि म्हणाला, "कप्तान, खरं सांगू? मला मासा नकोच होता. हवा काय सुंदर आहे!"

बर्लच्या शंभर टोमण्यांनी लागलं नसतं इतकं ते प्रेमाचं बोलणं तिला लागलं.

बर्लही धक्क्यावर होताच. रिकामी होडी बघून त्यानं विचारलं, "काय ओलेटा? आज काय काय माहीत होतं?"

ती होडी बांधून सरळ घराकडे चालू लागली. त्याचा टोमणा पहिल्यांदाच असा फुकट गेला, आणि बर्ललाही ते बरं वाटलं नाही. तो दोर गुंडाळत नुसता बघत राहिला.

त्यानंतर तिनं एकामागून एक गिऱ्हाइकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. अंगणात खुर्ची टाकून ती दिवस दिवस बसून राहायची. हार्लन इंजिनं दुरुस्त करायचा. बोलायचा कमी, आणि बोलला तर नेमकं दुखऱ्या जागी. एका दुपारी हात पुसत तो तिच्याजवळ आला.

"अगं, किती दिवस बसणार?"

"माझं डोकं पुसून गेलंय, हार्लन. बापानं दिलेलं सगळं त्या वादळानं नेलं. मी आता धक्क्यावर उभी राहून काय सांगू लोकांना?"

"बापानं दिलं तेव्हा तू केवढी होतीस?"

"एवढीशी."

"त्याआधी काय येत होतं?"

"काही नाही."

"मग आताही तेवढंच येतंय. बाप शिकवायला नाही, एवढाच फरक. जा आणि शीक."

"या वयात? गुडघे बघ माझे!"

"तुला तर सगळंच माहीत असतं. शिकायचं कसं तेही माहीत असेल."

ओलेटानं शेजारी पडलेलं पपनस उचललं आणि त्याच्या दिशेनं भिरकावलं. तिचा नेम कधी चांगला नव्हता. पपनस हार्लनच्या कानावरून गेलं आणि घरामागच्या, खाडीला मिळणाऱ्या चरात धपकन पडलं. हार्लन हसला आणि आत जायला वळला. ओलेटाचं लक्ष मात्र चराकडे गेलं. पपनस बुडलं नव्हतं. डोकं वर काढून ते हळूहळू निघालं होतं, खाडीकडे नव्हे तर आत, जमिनीच्या बाजूला. आणि ही वेळ होती ओहोटीची.

"हार्लन!" ती ओरडली. "अरे, इकडे ये! आणि पोतं घेऊन ये!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलेटा ड्रिगर्स गळाशिवाय, गिऱ्हाइकाशिवाय, होडीभर पपनसं घेऊन निघाली. नव्या तोंडाशी टाकायच्या फळांवर तिनं चाकूनं फुली काढली होती, जुन्या तोंडाशी टाकायच्या फळांवर गोल. ओढ्यांत टाकायची नुसतीच. पपनस पाण्यात सोडायचं आणि काठीनं होडी ढकलत त्याच्या मागे मागे जायचं. थांबलं की थांबायचं. भोवऱ्यात फिरायला लागलं की बसून बघायचं. वाळूच्या दांड्यावर चढलं की उतरून तिथलं पाणी पायानं चाचपायचं. भरतीला वेगळं, ओहोटीला वेगळं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला वेगळं, अष्टमीच्या भांगाच्या सुस्त पाण्याला वेगळं. आणि उत्तरेचा वारा सुटला की सगळंच वेगळं.

गाव हसलं. न हसायला काय झालं होतं!

"ओलेटा," बर्लनं धक्क्यावरून हाक मारली, "स्नूक आता फळाहार करायला लागले काय?"

"हो. मासळी खाऊन तुझ्यासारखं डोकं होतं म्हणाले."

टोमणा परत आला तसा बर्लच्या चेहऱ्यावरचा ताणही सैल झाला.

किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्या चर्चमधल्या बायका पपनसं गोळा करून आणू लागल्या. आधी थट्टा म्हणून, मग सवय म्हणून. "हे फुलीवालं, बेटाच्या दक्षिणेला मिळालं. हे गोलवालं, शाळेच्या मागे. ओलेटा, हे बघ ग, यावर काय आहे? पेलिकननं चोच मारली वाटतं." ओलेटा नीट विचारून घ्यायची, नेमकं कुठं, पाणी चढतं होतं की उतरतं. रात्री ती जेवताना हार्लनला सांगत बसायची आणि भाताच्या ताटात बोटानं प्रवाह काढायची.

हळूहळू खाडी तिच्या डोक्यात पुन्हा भरू लागली. पूर्वी पाणी एका दारानं आत येऊन त्याच दारानं बाहेर जायचं. आता दारं दोन झाली होती. भरतीचं पाणी दोन्हीकडून आत शिरायचं आणि मधे एकमेकांना भिडायचं, आणि भिडायचं ते नेमकं रॅकून टोकाशी. ओहोटीला तिथूनच दोन दिशांना फुटायचं, म्हणून तिथं ते ठप्प. दक्षिणेकडचे ओढे मात्र, जे तिच्या बापानं कधी ढुंकून पाहिले नव्हते, ते नव्या तोंडाच्या ओढीनं खळखळून वाहायला लागले होते. तिथं वादळानं पाडलेली तिवरं पाण्यात आडवी झाली होती. आणि एका सकाळी, तशा एका बुंध्यामागे, उतरत्या पाण्याकडे तोंड करून, काळ्या रेघेची एक लांब सावली उभी असलेली तिला दिसली. तिनं गळ आणलेलाच नव्हता. ती तशीच उभी राहून बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "इथं आहेस होय!"

नोव्हेंबर संपता संपता तिनं एव्हेलिओला फोन केला. "या," ती म्हणाली. "आणि वड्या जास्त आणा."

तो आला. तिनं होडी दक्षिणेच्या ओढ्याच्या तोंडाशी लावली आणि त्याला थांबवलं. "अजून नाही. पाणी नुकतंच फिरतंय. जरा ओढ लागू दे." दोघांनी एकेक वडी खाल्ली. कालवांच्या खडकावरून पाणी सरकायला लागलं, खडकामागे सुरकुती पडली, सुरकुतीची घडी झाली. "आता. बुंध्याच्या वर टाका, अगदी वर, आणि पाण्यालाच नेऊ द्या. तुम्ही काही करू नका."

एव्हेलिओनं न्हाव्याच्या नाजूक मनगटानं गळ टाकला. मासळी प्रवाहाबरोबर बुंध्यापाशी आली, आणि पाण्यावर बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. रीळ किंचाळलं. स्नूक सबंध पाण्याबाहेर आली, ऊन तिच्या अंगावरून सांडलं, आणि डोकं झटकत ती पुन्हा आत गेली.

"तंगूस ताणून धरा! ती बुंध्याकडे जाईल, जाऊ देऊ नका! गळाची काठी आडवी! आडवी म्हणते मी!"

"कप्तान, माझे हात!"

"हात उद्या दुखू देत!"

ओलेटानं आपली लांब काठी रोवून होडी मोकळ्या पाण्याकडे ढकलली. पुष्कळ वेळ ओढाताण झाली. शेवटी ती स्नूक होडीच्या कडेला आडवी झाली, एव्हेलिओच्या मांडीहून जाड, पिवळे पर, ती काळी रेघ जणू आत्ताच कुणी ओढलेली. ओलेटानं ओल्या हातानं तिचा जबडा धरून गळ सोडवला. नियमानं ती ठेवण्याच्या मापाबाहेरची होती. पण मापात असती तरी दोघांनी ठेवली नसती.

"बाई आहे," एव्हेलिओ टोपी काढून म्हणाला. "जाऊ द्या तिला. घरी कामं असतील." मग ओलेटाकडे वळून म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं."

"नव्हतं," ओलेटा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ताठ होता. "मला माहीत नव्हतं, एव्हेलिओ. मी शोधून काढलं."

त्या हिवाळ्यात धक्क्यावरची माणसं पुन्हा तिला विचारायला लागली. ती सांगायची, आणि कधी कधी "उद्या बघून सांगते" असंही म्हणायची. हे तिच्या तोंडून कुणी पूर्वी ऐकलं नव्हतं. बर्ल एकटा विचारत नसे. तो आपलं आपण नवं तोंड शिकणार होता.

मार्चमध्ये हवा तापली. समुद्राचं पाणी मात्र अजून थंड होतं, आणि अशा दिवसांत तिथं धुकं उतरतं. बर्ल ओहायोच्या दोघा भावांना घेऊन नव्या तोंडाशी गेला होता. हिवाळाभर ओढ्यांत आत राहिलेले स्नूक तेव्हा बाहेर सरकायला लागतात. सकाळ स्वच्छ होती. मग समुद्रावरून एक पांढरी भिंत सरकत आली आणि धक्क्यावर उभं राहून धक्क्याचं टोक दिसेना.

हार्लनच्या कामाच्या खोलीतल्या रेडिओवर बर्लचा आवाज आला, तुटक तुटक. खेकड्यांच्या पिंजऱ्याचा दोर इंजिनाच्या पात्यात अडकला आहे. नांगर वाळूत धरत नाही. ओहोटीनं होडी तोंडातून बाहेर चालली आहे. काही दिसत नाही. मग खरखर, आणि मग काही नाही.

बचावाचं हेलिकॉप्टर त्या धुक्यात उडणार नव्हतं. त्यांची बोट निघाली होती, पण लांबून यायची होती. बर्लचा थोरला भाऊ डीन आणि आणखी दोघं होड्या सोडायला लागले होते.

"सरळ पश्चिमेला जायचं," डीन म्हणत होता. "ओहोटी बाहेर ओढते. तो समुद्रात गेला असणार."

"नाही गेला," ओलेटा म्हणाली.

"ओलेटा, आत्ता नाही. आत्ता तुझं..."

"डीन, ऐक. पाणी तोंडातून बाहेर पडतं आणि समोरच्या वाळूच्या दांड्यावर आपटतं. तिथून ते दक्षिणेला वळतं आणि बेटाच्या कडेनं परत किनाऱ्याकडे येतं. फुलीवाली सगळी फळं तुझ्या बायकोनंच आणून दिलीत मला, दक्षिणेच्या दांड्यावरून. बर्ल तिथं जाईल. आणि तिथं लाटा फुटतात. होडी आडवी झाली तर उलटेल."

डीननं तिच्याकडे बघितलं. भाऊ त्याचा होता, आणि भरवसा ठेवायचा होता तो पपनसांवर. "तू जा तिकडे," तो शेवटी म्हणाला. "आम्ही बाहेरचं बघतो. देव करो आणि तू बरोबर असोस."

हार्लन पुढे बसला, मांडीवर लोखंडी तवा आणि हातात पाना घेऊन. तोंडापर्यंत ती जपून गेली, आणि तोंडाशी पोचताच तिनं इंजिन बंद केलं.

"अगं, काय करतेस?" हार्लन म्हणाला.

"त्याला पाण्यानं नेलंय. पाणीच आपल्यालाही नेईल. इंजिन चालवलं तर मी माझ्या मनानं जाईन."

आजूबाजूला नुसतं पांढरं. होडी आपोआप सरकत होती, मग वेग आला, मग खालून वाळूवर घुसळणाऱ्या पाण्याचा आवाज आला आणि होडीचं नाक आपसूक डावीकडे वळलं. फळं हलकी असतात, होडी जड असते. आपण चुकलो तर? पण तिनं हात इंजिनाकडे नेला नाही. हार्लन तव्यावर पाना हाणायचा, थांबायचा, कान द्यायचा. पुन्हा हाणायचा.

वळणाच्या पुढे लाटांचा फुटका आवाज ऐकू येऊ लागला. आणि त्या आवाजातून एक शिवी आली, अस्सल कोक्विनाची.

"बर्लच!" हार्लन म्हणाला.

बर्ल छातीएवढ्या पाण्यात दांड्यावर उभा होता. दोन्ही हातांनी होडीचं नाक लाटांकडे धरून ठेवलेलं, ओठ निळे पडलेले. ओहायोचे दोघं भाऊ जीवरक्षक जाकिटं घालून होडीच्या तळाशी एकमेकांना बिलगून बसले होते. तो असा किती वेळ उभा होता त्यालाही सांगता आलं नसतं. सोडलं असतं तर होडी आडवी झाली असती.

ओलेटानं आता इंजिन चालू केलं, लाटेमागून फिरून आली, आणि हार्लननं दोर फेकला. पहिला चुकला, दुसरा बर्लनं दातात धरला, कारण हात सोडता येत नव्हते. आधी पाहुण्यांना घेतलं. मग बर्लला काखेत हात घालून वर ओढलं. तो तळाशी पालथा पडला, खोकला, आणि मान वर करून बघितलं.

"पपनसं आणलीस काय?" तो दात वाजवत म्हणाला.

"संपली," ओलेटा म्हणाली. तिनं अंगातला कोट काढून त्याच्यावर टाकला. "म्हणून म्हटलं, आता बर्लला सोडून बघू कुठं जातो ते."

बर्ल हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. हार्लननं दुसरीकडे तोंड फिरवलं आणि रेडिओवर डीनला सांगितलं.

धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. डीननं भावाला मिठी मारली, मग ओलेटासमोर येऊन टोपी काढली. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. ओलेटा ताठ उभी होती. तिच्या बापाला इथं असायला हवं होतं, असं तिला त्या क्षणी फार वाटलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला नकाशे करणाऱ्या कचेरीतून विचारणा आली, की नवं तोंड टिकलेलं दिसतं, तर त्याला गावानं नाव सुचवावं. चर्चच्या सभागृहात जेवण ठेवलं होतं. तळलेले बोय, मक्याचा सांजा, ताडाच्या कोंभाची भाजी. कुणी म्हणालं वादळाचंच नाव द्या, कुणी म्हणालं पहिल्या वस्तीकरांचं. मग बर्ल पॅजेट उठला. तो सभेत कधी बोलत नसे.

"मी म्हणतो," तो म्हणाला, "ज्या तोंडानं मला शाळेपासून आजवर धारेवर धरलंय, त्याच तोंडाचं नाव द्यावं. ओलेटाचं तोंड. तसंच आहे ते. मोठं आहे, कधी बंद होत नाही, आणि त्यानं माझा जीव वाचवलाय."

आधी हशा झाला. मग हसणं थांबलं आणि बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या, मग सगळीकडून. हार्लन खाली मान घालून डोळे पुसत होता. अध्यक्षांनी विचारलं, "ओलेटा, तुझी काही हरकत?"

ओलेटा उठली. बर्लकडे बघितलं, सगळ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही. माझी काही हरकत नाही."

आता नकाशावर ते नाव आहे. ओलेटा गिऱ्हाइकांना घेऊन तिथून जाते तेव्हा होडीचा वेग थोडा कमी करते. कुणीतरी हातातल्या नकाशात बघून विचारतंच, "ही ओलेटा कोण होती?"

"होती नाही, आहे," ती म्हणते. "मीच." आणि वेग वाढवते, कारण ओहोटी लागलेली असते आणि दक्षिणेच्या ओढ्याशी स्नूक प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात.